पिवळा म्हणजे कुठला पिवळा?

गाडीला घरच्या घरी मशीनने पॉलिश करायचं मनावर घेतलेला माणूस आधी मशीनचीच चौकशी करतो. किती वॅटचं, कुठल्या कंपनीचं, हप्त्यावर मिळतं का. मग पॉलिशच्या बाटलीची. पॅडची चौकशी सहसा कुणी करत नाही. मशीनच्या खोक्यात एखादा स्पंज असतोच, तो लावायचा आणि सुरू व्हायचं. आता रंगाला प्रत्यक्ष टेकतो तो हा स्पंजच. मशीन त्याला फिरवतं, पॉलिशमधली बारीक पूड रंग घासते, पण ती पूड रंगावर किती जोराने दाबली जाणार हे पॅड ठरवतो.

माझा ऐरोलीचा भाचा याला अपवाद निघाला. त्याने जुनी पांढरी हॅचबॅक घेतली आणि मशीनच्याही आधी मला पॅडच्या सेटचा फोटो पाठवला. सात पॅड, सात रंग, वर लोकरीचा एक फुकट. खाली लिहिलं होतं, "मावशी, हा मागवतो. यात सगळेच प्रकार आलेत."

मी लिहिलं, "थांब जरा. रविवारी जेवायलाच ये."

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. ज्यांचा या रस्त्याशी संबंध आलाय त्यांना धुळीबद्दल काही सांगायला नको. बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर रात्रभर चालू असतात, आणि वडाळ्याहून कासारवडवलीला येणाऱ्या मेट्रोचं काम निघाल्यापासून सिमेंट, माती आणि खडीची भुकटी सकाळी पुसली की संध्याकाळी पुन्हा बॉनेटवर हजर. सोसायटीत गाड्या पुसायला एक दादा येतो. पहाटे सुरू करतो आणि ऑफिसची मंडळी खाली उतरायच्या आत अख्खं पार्किंग उरकतो. एक बादली, दोन फडकी. पहिल्या गाडीला पाणी स्वच्छ असतं. माझी गाडी त्याच्या वाटेत शेवटाकडे येते, तोवर बादलीचा तळ दिसत नाही. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू म्हणजे क्वार्ट्झ, गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. फडकं ओलं असलं म्हणून काय झालं, कण त्यात अडकतात आणि पुसणाऱ्या हाताबरोबर फिरत राहतात.

मी दादाला एकदा दोन बादल्यांचं सुचवून पाहिलं. एकीत साबणपाणी, दुसरीत फडकं खळबळायचं. तो हसला. "ताई, तुमच्यासाठी करीन. पण सगळे म्हणाले तर पाणी कुठून आणू? टँकर तुम्हीच मागवता." बरोबरच होतं त्याचं. महिन्याला आपण जे हातावर ठेवतो त्यात दर गाडीला ताजं पाणी बसत नाही. तेव्हा आता मी त्याला पैसे देते आणि काचा तेवढ्या पुसायला सांगते. ही तडजोड त्याला पटलीय, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकांना नाही. त्यांच्या मते माझी गाडी अस्वच्छ दिसते आणि सोसायटीची शान जाते. त्यांची स्वतःची काळी सेदान रोज नेमाने पुसली जाते आणि पार्किंगमधल्या दिव्याखाली तिच्या बॉनेटवर केसासारख्या बारीक चऱ्यांची गोल गोल वर्तुळं चमकतात.

या वर्तुळांची एक गंमत आहे. सगळे म्हणतात, दादाने गोल गोल पुसलं म्हणून गोल चरे पडले. खरं तर चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात. दिव्याचा उजेड ज्या चऱ्यांवर आडवा पडतो तेवढेच आपल्याला चमकताना दिसतात, आणि दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती असे सगळे चरे मिळून वर्तुळ दिसतं. डोकं हलवलं की वर्तुळही सरकतं. भाचा आला तेव्हा मी त्याला आधी हेच दाखवलं. मोबाईलचा टॉर्च त्याच्या गाडीच्या दारावर धरला आणि हळूहळू फिरवला. पांढरी गाडी, त्यामुळे त्याला आधी काही दिसेना. मग दिसलं आणि त्याचा चेहराच पडला. "मावशी, विकणाऱ्याने सांगितलं होतं, पेंट एकदम ओरिजिनल आहे."

"ओरिजिनल आहे म्हणूनच जपायचाय," मी म्हटलं.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांना रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. गाडीचा खरा रंग त्याच्या खाली. धातूवरचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यातला क्लिअर कोट असतो ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अख्खा थर केसापेक्षा पातळ. चकाकी याच थराची आणि उन्हाने रंग उडू नये म्हणून घातलेले पदार्थही यातच. पॉलिश करणं म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा भाग घासून चऱ्याच्या तळाशी आणणं. चरा भरला जात नाही, त्याच्या काठाची उंची कमी होते. एखाद्या सौम्य पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन जातात, कडक कंपाउंडने, म्हणजे जास्त कापणाऱ्या पॉलिशने, त्याहून जास्त. गेलेलं परत येत नाही. प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यातल्या रंगांवर असा वेगळा थर नसायचा. पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि किती जातंय ते डोळ्यांना कळायचं. आता फडकं पांढरंच राहतं. काहीच जात नाहीये असं वाटतं, ते असं.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये स्टीलच्या फिटिंग्जचं बफिंग करायचे. तिथे क्रम ठरलेला: आधी सिसलचा, म्हणजे खरबरीत दोराचा मॉप (मशीनवर फिरणारं घासायचं चाक), मग शिवलेल्या कापडाचा, शेवटी सैल कापडाचा. नवा मॉप आला की बाबा त्याच्या कडेवर अंगठा दाबून बघायचे, कितपत आत जातो ते. पुरवठादाराने वर काय चिकटवलंय, त्याची पट्टी कुठल्या रंगाची आहे, याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मला त्या वेळी तो नुसता कामगाराचा तोरा वाटायचा. स्टीलमध्ये मात्र चुकीला जागा असते, दोन-चार मायक्रॉन इकडे तिकडे झाले तर कुणी विचारत नाही. गाडीच्या रंगात ती चैन नाही.

जेवण झाल्यावर मी टेबलावर दोन पॅड ठेवले. दोन्ही पिवळे, दोन्ही फोमचे, आकाराने जवळपास सारखे. एक अमेरिकेतल्या लेक कंट्रीचा, दुसरा इटलीतल्या रुपेसचा. "यातला कडक कुठला?" भाच्याने आपल्या सेटमधल्या तक्त्याच्या आधारे सांगितलं की पिवळा म्हणजे कटिंग, म्हणजे रंग जोरात कापून चरे घालवणारा, दोन्ही कटिंग. मग त्याला दाबायला लावले. लेक कंट्रीचा पिवळा अंगठ्याला विरोध करतो, तो कापणाराच आहे. रुपेसचा पिवळा सहज दबतो, कारण त्यांच्या पद्धतीत निळा सगळ्यात कडक, मग हिरवा, मग पिवळा, आणि पांढरा सगळ्यात मऊ. म्हणजे एका कंपनीच्या पिवळ्याने जे चरे घालवायचे, ते काम संपल्यावर दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्याने चकाकी आणायची. निळ्याचीही तीच कथा. रुपेसचा निळा कापणारा, तर थ्री एमचा निळा अगदी शेवटचा, तलम. रंगांचा हा कारभार प्रत्येक घरचा वेगळा. आणि आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या सेटमध्ये तर फोम एकच आणि रंग सात, असंही आढळतं. सातही पॅड पाठोपाठ दाबून पाहिले की पितळ उघडं पडतं.

म्हणून अंगठा. कटिंग पॅड दाबला की विरोध करतो आणि सोडला की झटकन वर येतो. फिनिशिंग पॅड बोटाच्या टोकाने तळापर्यंत दबतो. मधला पॉलिशिंग पॅड दबतो, पण तळाला जायला जोर लावावा लागतो. पॅडवर तोंड टेकून फुंकूनही बघता येतं: ज्याच्या पेशी उघड्या, त्यातून हवा आरपार जाते, बंद पेशींचा फोम हवा अडवतो आणि पॉलिशही वरच्या वर धरून ठेवतो. भाच्याने टेबलावरचे सगळे पॅड फुंकून पाहिले. ताई म्हणजे त्याची आई हे बघत होती. "जेवल्याजेवल्या काय चाललंय हे?" असं म्हणून ती आत गेली.

वरच्या नक्षीबद्दल त्याने विचारलंच. कुठे चौकोन कोरलेले, कुठे खळगे, कुठे मधोमध भोक. भोकाला अर्थ आहे. पॅड सगळ्यात जास्त तापतो तो मध्यावर, आणि तापला की मागचं वेल्क्रो धरून ठेवणारा गोंद सुटतो. भोकामुळे ती उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. बाकीच्या नक्षीने नवशिक्याला फार फरक पडत नाही असं माझं मत आहे, आणि दुकानदार ते मान्य करणार नाहीत.

मग घ्यायचं काय? एकाच मध्यम पॉलिशिंग पॅडचे पाच नग. भाचा माझ्याकडे बघतच राहिला. त्याचा सेट सातचा, प्रत्येक वेगळा, आणि मावशी म्हणते पाच एकसारखे.

यामागचं कारण कामाला लागल्याशिवाय पटत नाही. पॉलिश करताना पॅडमध्ये दोन गोष्टी साठतात: वापरून झालेलं पॉलिश आणि घासून निघालेला रंग. बॉनेट आणि एखादं दार होईस्तोवर पॅड ओलाचिंब, गरम आणि लिबलिबीत होतो. कडकपणा निम्मा संपलेला असतो. ब्रशने झाडला की थोडा वेळ सुधारतो, पण पूर्ववत होत नाही. त्या वेळी हातात तसाच दुसरा कोरडा पॅड हवा. सात प्रकारांच्या सेटमध्ये उपयोगाचा पॅड एकच असतो. तो भिजला की माणूस नाइलाजाने शेजारचा कडक उचलतो, अर्धी गाडी एका पॅडने आणि अर्धी दुसऱ्याने होते, आणि उन्हात नेल्यावर दारांवर वेगवेगळी झळाळी दिसते.

मध्यमच का, तर सुरुवात नेहमी सौम्य बाजूने करायची असते. बॉनेटवर मास्किंग टेपने दीड-दोन फुटांचा चौकोन आखायचा. मध्यम पॅड, मध्यम पॉलिश, वाटाण्याएवढे चार थेंब. झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून त्याने पुसायचं, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसतं आणि ते गेल्याचा आभास निर्माण करतं. मग टॉर्च धरून बघायचं. सत्तर-ऐंशी टक्के चरे गेले असतील तर अख्खी गाडी याच जोडीने करायची. कमी गेले तर आधी पॉलिश जरा जास्त कापणारं घ्यायचं, पॅड तोच ठेवायचा. तरीही भागलं नाही तरच कटिंग पॅडची पाळी. जपानी गाड्यांचा क्लिअर कोट मऊ आणि जर्मन गाड्यांचा कडक असं या कामातली माणसं सांगतात. त्यात तथ्य आहे, पण जुन्या गाडीचं दार किंवा बंपर मध्येच कधी पुन्हा रंगवलेला असतो, तेव्हा देश बघून निर्णय घेण्यापेक्षा चौकोन आखलेला बरा.

भाच्याच्या मागच्या दारावर एक लांब चरा होता. त्यावरून नख फिरवलं तर अडकत होतं. "हा जाईल का?" नख अडकतंय याचा अर्थ चरा खोल आहे, आणि तो घालवायला आजूबाजूचा तेवढा थर काढावा लागेल. मी म्हटलं, त्याच्या कडा गुळगुळीत होतील, दोन पावलं लांबून दिसणार नाही, तिथे थांब. हे थांबणंच जड जातं. मशीन हातात असलं की माणसाला वाटतं, अजून एक फेरा.

फुकटच्या लोकरीच्या पॅडचा विषय त्यानेच काढला. लोकर आणि रोटरी मशीन ही गॅरेजवाल्यांची जोडी, डेंटिंग-पेंटिंग झालं की 'रबिंग' मारतात ते. रोटरी एकाच जागी गरगर फिरतं, झपाट्याने कापतं आणि झपाट्याने तापवतं. ज्याचा हात बसलाय तो त्यातून आरसा काढतो. ज्याचा बसलेला नाही तो दाराच्या कडेवर क्लिअर कोट जाळतो, आणि एरवीही उन्हात नागमोडी पट्टे चमकतील असं काम करून ठेवतो. मायक्रोफायबरचे पॅडही असतात, आखूड तंतूंचे, डीए म्हणजे दुहेरी हालचालीच्या मशीनवर कडक रंगासाठी चांगले. मऊ रंगावर मात्र धुरकट झाक सोडतात आणि दर चौकोनानंतर ब्रशने झाडावे लागतात. दोन्ही पहिल्या खरेदीत नकोत.

डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचं पॅडशी नातं वेगळं. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय त्याचा मध्य एका लहान वर्तुळात फिरतो. या वर्तुळाचं माप ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असं मशीनवर लिहिलेलं असतं, त्याला थ्रो म्हणतात. थ्रो मोठा असेल तर पॅड पातळ हवा, नाहीतर मशीनची निम्मी हालचाल फोमच्या पोटातच जिरते आणि रंगापर्यंत पोचत नाही. मागची प्लेट, म्हणजे मशीनची जिच्यावर पॅड चिकटतो ती, पाच इंची असेल तर पॅड साडेपाच इंची घ्यावा. फोमची कड प्लेटच्या बाहेर असली म्हणजे कठीण प्लास्टिक चुकून रंगाला लागत नाही. ८ मिलिमीटरच्या साध्या मशीनवर सहा इंची पॅड लावला की बिचारं अडखळत फिरतं. खांब, आरशाची पाठ, बंपरचे कोपरे यांसाठी तीन इंची दोन पॅड आणि त्यांची वेगळी प्लेट लागते. ती आजच घ्यावी असं नाही, पण लागते.

आणि दाबायचं किती? प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ ओढून ठेवायची. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. जोर वाढवला की डीएचा पॅड स्वतःभोवती फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो, आणि मग कापतही नाही. सहाणेवर चंदन उगाळताना जोर केला तर खोड अडकतं आणि गंध दाट व्हायच्या ऐवजी खरबरीत येतं, तसंच. कडक पॅड अडला की नवशिका आणखी दाबतो. मधला पॅड थोडा दबून वळणावर बसतो, म्हणून त्याला फिरत ठेवणं सोपं. मीही मध्यम पॅडच सुचवते, त्याचं हे दुसरं कारण.

भाच्याला काळजी मशीनपेक्षा विजेची होती. ऐरोलीच्या त्याच्या सोसायटीत पार्किंगमधला प्लग वापरायला सचिवांचं पत्र लागतं म्हणे. मी हिशोब करून दिला: मशीन सातशे वॅटचं, चार तास सलग चालवलं तरी तीन युनिटही होत नाहीत. तेवढे पैसे पाकिटात घालून अर्जासोबत दे. आमच्याकडे याच विषयावर वार्षिक सभेत चहा गार झाला होता.

पॅड धुणं हा भाग कुणी शिकवत नाही. काम संपल्याबरोबर धुवायचा. पॉलिश वाळून बसलं की फोम कडक होतो आणि पुढच्या वेळी त्याचेच चरे पडतात. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, तळव्याने दाबून दाबून. पिळायचा नाही, गोंद सुटतो. मग वेल्क्रो वर आणि फोम खाली करून जाळीवर ठेवायचा, पाणी गोंदात मुरण्याऐवजी खाली निथळतं. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी कोरडा होतो. पावसाळ्यात आमच्याकडे तो आठवडाभर दमट राहतो आणि त्याला वास येतो, म्हणून मोठं पॉलिश मी दिवाळीच्या सुमारास काढते. वाळले की झिपच्या पिशवीत, प्रत्येक पिशवीवर पॉलिशचं नाव. एका पॅडला एकच पॉलिश. आणि काम सुरू असताना पॅड जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. घोडबंदरच्या पार्किंगची फरशी म्हणजे काय ते मी वर सांगितलंच आहे.

चारच्या चहाला भाच्याने सेट काढून टाकला आणि नवी यादी भरली: मधले पाच, तीन इंची दोन, झाडायचा ब्रश. मग थांबून म्हणाला, "मावशी, शेवटचा तो मऊ, फिनिशिंगचा? त्याने आरसा येतो म्हणतात."

"तुझी गाडी पांढरी आहे. मधल्या पॅडने जी बारीक झाक राहते ती पांढऱ्यावर भिंग लावून शोधावी लागेल. काळी घेशील तेव्हा मऊ पॅडचं बघू."

"काळी आई घेऊ देईल होय!"

आतून ताईचा आवाज आला, "अजिबात नाही." त्याने मऊ पॅड यादीतून काढला आणि ब्रशचे दोन केले.